एका शहराचं पोट : निकोसियाच्या मैलापाण्याचं प्रकरण

निकोसिया ही भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटाची राजधानी. या शहराचा उतार ईशान्येकडे आहे. या प्रकरणात पुढे राजकारण येईल, रक्तपात येईल, संयुक्त राष्ट्रं येतील, पण सगळ्याच्या मुळाशी हा उतार आहे. शहराचं मैलापाणी उताराच्या जोरावर वाहून न्यायचं तर ते ईशान्येकडेच न्यावं लागतं. म्हणून १९७४ च्या आधी आखलेल्या भुयारी गटार योजनेत शुद्धीकरण केंद्राची जागा त्या दिशेला, मिया मिल्या गावाजवळ धरली होती. योजनेचं काम चालू असतानाच युद्ध झालं. युद्ध थांबलं तेव्हा नळांचं बरंचसं जाळं दक्षिणेत, ग्रीकभाषकांकडे राहिलं आणि केंद्राची जागा उत्तरेत, तुर्की सैन्याच्या ताब्यात गेली. आतडी एकीकडे आणि गुदद्वार दुसरीकडे. उपमा ओंगळ आहे खरी, पण तीच इथे नेमकी लागू पडते.

सगळी मानवजात म्हणजे एकच सजीव देह, ही कल्पना व्याख्यानांत, प्रवचनांत आणि सकाळी सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सुविचारांत इतकी वापरली गेली आहे, की ती ऐकली की मी सावध होतो. देह एकच असेल तर मग हात पायावर कुऱ्हाड का मारतो, हा प्रश्न तिथे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून ही कल्पना एखाद्या खऱ्या भांडणावर घासून पाहावी, असं ठरवलं. युद्ध, सीमा, निर्वासित, बेपत्ता माणसं असं सगळं असलेलं, पण हातात मावण्याइतकं लहान भांडण हवं होतं. सायप्रस ९,२५१ चौरस किलोमीटरचं बेट आहे. आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडंसंच लहान.

चिरफाड

१६ ऑगस्ट १९६० ला सायप्रस ब्रिटिशांकडून स्वतंत्र झालं. लोकसंख्येत पाचांत जवळजवळ चार ग्रीकभाषक ख्रिस्ती, आणि उरलेल्यांत बहुतेक तुर्कीभाषक मुसलमान. स्वातंत्र्य मिळालं, पण ते मनापासून कोणालाच नको होतं. ग्रीकभाषकांच्या पुढाऱ्यांना ग्रीसमध्ये विलीन व्हायचं होतं. त्याला ते ‘एनोसिस’ म्हणत. तुर्कीभाषकांच्या पुढाऱ्यांना फाळणी हवी होती. त्याला ते ‘तक्सिम’ म्हणत. आपल्याकडचा तक्सीम, म्हणजे वाटणी, तोच हा शब्द. राज्यघटनेत मग सगळंच तोलून मापून वाटलं गेलं. सरकारी नोकऱ्या ७० आणि ३० टक्के, सैन्य ६० आणि ४० टक्के, राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्क आणि दोघांनाही नकाराधिकार. बेटावरच्या पाच मोठ्या शहरांत तर दोन समाजांच्या दोन वेगळ्या नगरपालिका असाव्यात अशी तरतूद होती.

हा नगरपालिकांचा मुद्दा लक्षात ठेवावा. कारण नव्या देशात जे खटके उडाले, त्यांतला एक मोठा खटका यावरच होता. एका शहराचे दोन कारभारी असावेत की एक? ३० नोव्हेंबर १९६३ ला राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांनी घटनेत तेरा दुरुस्त्या सुचवल्या, त्यांत नगरपालिका एकत्र करण्याची सूचनाही होती. तुर्की बाजूला हा आपलं संरक्षण काढून घेण्याचा डाव वाटला. तीन आठवड्यांनी, २१ डिसेंबरला, निकोसियात गोळीबार सुरू झाला. ३० डिसेंबरला मेजर जनरल पीटर यंग या ब्रिटिश अधिकाऱ्याने शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. ती ‘हिरवी रेघ’ आजतागायत पुसली गेलेली नाही. पुढच्या काही महिन्यांत पंचवीस हजारांच्या आसपास तुर्कीभाषक आपली गावं सोडून कोंडीतल्या वस्त्यांत गेले.

मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे पहिले सेनापती भारतीय होते, जनरल ग्यानी. त्यांच्यामागून जनरल थिमय्या आले आणि डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच वारले. पुढच्या वर्षी सायप्रसने त्यांचं टपाल तिकीट काढलं. १९७४ च्या उन्हाळ्यात या सेनेचे प्रमुख होते दिवाण प्रेमचंद, तेही भारतीयच. फाळणीच्या जखमा घेऊन आलेल्या देशाची माणसं दुसऱ्याची फाळणी राखत उभी होती. यावर काही भाष्य करायचा मोह होतो, पण तो इथे टाळतो.

१५ जुलै १९७४ ला अथेन्समधल्या लष्करी राजवटीच्या चिथावणीने ग्रीकभाषक सैनिकांनी मकारिओस यांचंच सरकार उलथवलं. पाच दिवसांनी तुर्कस्तानचं सैन्य बेटावर उतरलं. १४ ऑगस्टला दुसरी चाल झाली आणि बेटाचा सुमारे ३६ टक्के भाग उत्तरेत गेला. दीड लाखाहून जास्त ग्रीकभाषक दक्षिणेकडे पळाले. काही महिन्यांत चाळीस-पन्नास हजार तुर्कीभाषक उत्तरेकडे गेले. मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातला निर्लष्करी पट्टा उरला, सुमारे १८० किलोमीटर लांब, कुठे सात किलोमीटर रुंद, तर निकोसियाच्या जुन्या पेठेत एखाद्या बोळाएवढा अरुंद. या पेठेभोवती व्हेनिसवाल्यांनी सोळाव्या शतकात बांधलेला अकरा बुरुजांचा गोल तट आहे. नकाशात तो चाकासारखा दिसतो आणि रेघ त्या चाकाच्या बरोबर मधून जाते. शहराचा विमानतळही पट्ट्यात अडकला. तिथे एक जुनं प्रवासी विमान अजून धूळ खात उभं आहे.

दोन महापौर आणि एक नळ

लेलोस दिमित्रियादिस पेशाने वकील. १९७१ पासून ते निकोसियाचे महापौर होते आणि पुढे तीस वर्षं त्या पदावर राहिले. मुस्तफा अकिंजी वास्तुविशारद, शिक्षण अंकाऱ्यात. १९७६ मध्ये ते उत्तरेकडच्या भागाचे महापौर झाले तेव्हा तिशीही ओलांडली नव्हती.

दोघांपुढचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. शहर शोषखड्ड्यांवर जगत होतं. दक्षिणेकडे जमिनीखाली नळ होते पण मैला न्यायला ठिकाण नव्हतं. उत्तरेकडे ठिकाण होतं पण ते चालवायला लागणारं मैलापाणी, पैसा आणि पुरेसं जाळं नव्हतं. दक्षिणेने आपल्या हद्दीत दुसरं केंद्र बांधायचं ठरवलं असतं तर उताराच्या विरुद्ध सगळं पुन्हा खणावं लागलं असतं. हे दोन्हीकडच्या अभियंत्यांना कळत होतं. अडचण अभियांत्रिकीत नव्हतीच. अडचण अशी होती, की सही कोणी कोणत्या नात्याने करायची?

दक्षिणेच्या दृष्टीने उत्तरेत महापौर नावाचं पदच अस्तित्वात नव्हतं. तिथे होता तो परकीय सैन्याचा ताबा. अकिंजींना ‘महापौर’ म्हणून कागदावर लिहिलं तर त्या राजवटीला मान्यता दिल्यासारखं झालं असतं. न लिहावं तर अकिंजींनी आपल्या लोकांना तोंड कसं दाखवायचं? तोडगा निघाला तो शब्दांचा. दोघं ‘निकोसियाच्या आपापल्या समाजाचे प्रतिनिधी’ म्हणून बसले, आणि तेही संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या छत्राखाली. १९७८ मध्ये मैलापाण्यावर समझोता झाला. १९८० च्या सुमारास केंद्र चालू झालं. त्या वेळी या दोन भागांत टपाल नव्हतं, नागरिकांना ये-जा नव्हती. शहराच्या दोन अर्ध्यांमध्ये रोज न चुकता जाणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे गू.

पंगतीत सांगायची गोष्ट नव्हे ही. पण मला वाटतं तिचं यशही त्यातच आहे. झेंड्याला मान असतो, भाषेला मान असतो, देवळा-मशिदीला मान असतो, आणि मान असला की अपमानही होऊ शकतो. मैलापाण्याला ना मान ना अपमान. त्याच्यावर कोणी भाषण करत नाही, त्याच्या नावाने कोणी शपथ घेत नाही. दोन्हीकडच्या कडव्या लोकांना त्याविरुद्ध मोर्चा काढणंही अवघडच गेलं असणार. घोषणा तरी काय देणार?

पुढचं पाऊल जास्त धाडसाचं होतं. २४ ऑक्टोबर १९७९ ला दोघांनी ठरवलं की शहराचा विकास आराखडाही एकच करायचा. दोन्हीकडचे नगररचनाकार, वास्तुविशारद, अभियंते एका चमूत आले. त्यांनी आराखडा केला तो दोन शक्यता धरून. एक शहर दुभंगलेलंच राहिलं तर, आणि दुसरी उद्या रेघ पुसली गेली तर. रस्ते, बाजार, वाहतूक अशी आखायची की दोन भाग आज वेगळे जगू शकतील, पण उद्या जोडायचे झाले तर काही पाडावं लागू नये. मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये ठेवताना वैद्य असंच करतो, टोकं समोरासमोर राहतील एवढं बघतो. जुन्या पेठेत रेघेच्या दोन बाजूंना दोन मोहल्ले आहेत, उत्तरेला अराबअहमत आणि दक्षिणेला ख्रिसालिनिओतिसा. दोन्हींची डागडुजी जोडीने हाती घेतली गेली. या सगळ्या कामाला २००७ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

उपमा कुठे पटते

आता मूळ कल्पनेकडे. देहाची उपमा जुनी आहे आणि तिचा इतिहास काही फार निर्मळ नाही. रोममध्ये इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये सामान्य लोक संपावर गेले, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पा नावाच्या सरदाराने त्यांना पोटाची गोष्ट सांगितल्याचं म्हणतात. हातपाय पोटावर रुसले, पोट उपाशी राहिलं, आणि मग हातपायही गळाले. पोट म्हणजे अर्थातच उमराव. गोष्टीचं तात्पर्य : तुम्ही राबा, आम्ही पचवतो. आपल्याकडे पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मुखाशी ब्राह्मण आणि पायांशी शूद्र, आणि त्या एका चित्राचा आधार घेऊन पुढे काय काय झालं ते महाराष्ट्राला सांगायला नको. विसाव्या शतकात याच उपमेला आणखी धार आली. राष्ट्र म्हणजे देह, मग आतले नकोसे लोक म्हणजे जंतू. नाझींनी ज्यूंना जंतू म्हटलं. रवांडात १९९४ मध्ये रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हटलं गेलं. देहाची भाषा आली की पाठोपाठ औषध फवारणारे येतात.

तरी तुकोबांनीही ‘एका देहाचे अवयव’ म्हटलंच आहे. फरक एवढाच, की तिथे कोणता अवयव वरचा आणि कोणता खालचा हे सांगितलेलं नाही. सांगितलंय ते सुखदुःख सगळ्या देहाला भोगावं लागतं हे. उपमा वापरायची तर याच अर्थाने वापरावी. उच्चनीच बाजूला ठेवून एकाचं दुखणं दुसऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचतं ते शोधावं.

असं पाहिलं की निकोसियात काही गोष्टी उलगडतात. पहिली म्हणजे, दुखतं एकीकडे आणि मूळ असतं दुसरीकडे. हृदयाला धोका असतो तेव्हा डावा हात दुखतो. सप्टेंबर १९५५ मध्ये सायप्रसच्या प्रश्नावर लंडनमध्ये परिषद चालू होती. त्याच वेळी, ६ आणि ७ तारखेला, इस्तंबूलमध्ये जमावाने ग्रीकांची घरं, दुकानं आणि चर्च फोडली. त्या दुकानदारांचा सायप्रसशी काय संबंध? १९७४ चा बंड अथेन्समधून उठला, चाल अंकाऱ्यातून आली, आणि ब्रिटनचे लष्करी तळ आजही बेटाच्या सुमारे तीन टक्के जमिनीवर आहेत. नुसत्या बेटाची नाडी पाहून हे निदान होत नाही. सायप्रसचा दुभंग म्हणजे दोन शेजाऱ्यांचं भांडण एवढंच धरलं तर अर्धं प्रकरण सुटून जातं.

दुसरी गोष्ट स्मरणाची. शरीर एकदा झालेला आजार लक्षात ठेवतं आणि पुन्हा तसं काही दिसलं की तुटून पडतं. कधीकधी तसं काही नसताना आपल्याच पेशींवर तुटून पडतं. दक्षिणेतल्या शाळकरी मुलांच्या वह्यांवर ‘देन क्सेख्नो’ छापलेलं असायचं, म्हणजे ‘मी विसरत नाही’. उत्तरेत ‘उनुत्मायाजाऽज’, ‘आम्ही विसरणार नाही’. शब्द जवळजवळ तेच, पण काय विसरायचं नाही ते वेगळं. दक्षिणेची आठवण १९७४ पासून सुरू होते, उत्तरेची १९६३ पासून. एकाच्या आठवणीत दुसऱ्याचं दुःख बसतच नाही, कारण ते त्याच्या पहिल्या पानाआधीचं किंवा नंतरचं असतं. आणि १५ जुलै १९७४ चा बंड तर ग्रीकांनी ग्रीकांवरच केला होता. शत्रू शोधायला निघालेल्या संरक्षणव्यवस्थेने पहिला घाव आपल्याच अंगावर घातला, तो असा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत पटणारी. देहाचं एकपण डोक्यात नसतं, प्रवाहात असतं. वीज घ्या. १९७४ नंतरही कितीतरी वर्षं उत्तरेला वीज दक्षिणेतूनच जात होती, आणि तिचे पैसे येत नव्हते. नव्वदीच्या दशकात उत्तरेने आपलं वीजकेंद्र उभारलं. मग ११ जुलै २०११ ला दक्षिणेत एका नौदल तळावर जप्त करून उघड्यावर ठेवलेल्या दारूगोळ्याच्या पेट्यांचा स्फोट झाला. तेरा माणसं मेली आणि शेजारचं, देशातलं सर्वांत मोठं, वासिलिकोचं वीजकेंद्र निकामी झालं. भर उन्हाळा. आणि दक्षिणेने उत्तरेकडून वीज विकत घेतली. काहींना ते अपमानाचं वाटलं, पण पंखे आणि रुग्णालयं चालू राहिली.

रक्ताचंही तसंच. २००० साली दोन्ही बाजूंना एकेक मूल रक्ताच्या कर्करोगाने आजारी होतं, आणि त्यांना जुळणारा अस्थिमज्जा दाता शोधायचा होता. दोन्हीकडच्या हजारो लोकांनी तपासणीसाठी रक्त दिलं. तेव्हा सामान्य माणसाला रेघ ओलांडण्याची मुभाही नव्हती. ती मिळाली २३ एप्रिल २००३ ला.

आणि डास. डासाला तर कोणतीच रेघ कळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर या बेटावरून हिवताप हद्दपार करण्याची मोहीम ज्यांनी चालवली ते मेहमेत अझीझ तुर्कीभाषक होते. बेटाचे चौकोन पाडून एकेक डबकं शोधायला निघालेल्या त्यांच्या माणसांत दोन्ही समाजांचे लोक होते.

उपमा कुठे हात टेकते

इथवर आलं की वाटतं, बघा, आपण सगळे एकच. पण मराठीत एक शब्द आहे जो हा उत्साह लगेच जमिनीवर आणतो : भाऊबंदकी. आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखलं आहे की रक्त एक असणं हा भांडण मिटवण्याचा उपाय नसून बऱ्याचदा भांडणाचं कारण असतं. बांधावरून कोयते निघतात ते परक्यांत नव्हे, चुलतभावांत. सायप्रसच्या ग्रीकभाषक आणि तुर्कीभाषक पुरुषांच्या वंशवेलीचा गुणसूत्रांवरून अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि दोघांचे पूर्वज बरेचसे सामाईक असल्याचं दिसलं. वर्तमानपत्रांना बातमी मिळाली. रेघ जागची हलली नाही. कौरव-पांडवांचा अहवाल तरी वेगळा काय आला असता?

दुसरं, देहात यकृत मूत्रपिंडाची परवानगी मागत नाही. निकोसियात परवानगी मागावी लागली, कागदावरचे शब्द पारखावे लागले, कोणीतरी फितूर म्हणेल हे गृहीत धरून दोन माणसांना टेबलाशी बसावं लागलं. देहाची उपमा या श्रमाला अदृश्य करते. ‘आपण एक आहोत’ म्हटलं की जणू काही ते आपोआप घडलं. इथे आपोआप घडलेली गोष्ट एकच, उतार. बाकी सगळं केलेलं आहे, आणि ते रोज करत राहावं लागतं. वीजबिल थकतं, दुरुस्तीला माणूस पाठवायचा तर पट्ट्यातून जायची परवानगी लागते, गाळ काढायचा खर्च कोण किती देणार यावर बैठका होतात.

जुनं केंद्र उघड्या तलावांचं होतं, शहर वाढलं तसं ते अपुरं पडलं. मग युरोपीय संघ आणि दक्षिणेचं मलनिस्सारण मंडळ यांच्या पैशातून, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत, त्याच जागी नवं केंद्र उभं राहिलं. २०१३ पासून ते चालू आहे, रोज सुमारे तीस हजार घनमीटर पाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचं, पडद्यांतून गाळून जंतू अडवणाऱ्या तंत्राचं. येणाऱ्या पाण्यात मोठा वाटा दक्षिणेचा. खर्चही त्याच मापाने वाटून घेतला गेला. ७० आणि ३० च्या आकड्यावरून मोडलेल्या देशात वाटणीचा हिशेब करून चालणारी एक गोष्ट आहे, हे पाहून मला गंमत वाटली. इथे वाटणी माणसांच्या गणतीवर नाही, नळातून प्रत्यक्ष किती आलं यावर आहे. मीटर बसवता येतो अशी ती वाटणी आहे. नोकऱ्या आणि नकाराधिकार मोजायला मीटर नव्हता.

तोच माणूस, वरची खुर्ची

या प्रकरणात एक प्रयोग न ठरवता घडून गेला आहे. मुस्तफा अकिंजी महापौरपदावर १९९० पर्यंत राहिले. पंचवीस वर्षांनी, एप्रिल २०१५ मध्ये, ते उत्तरेचे सर्वोच्च नेते म्हणून निवडून आले. दक्षिणेत निकोस अनास्तासियादिस राष्ट्राध्यक्ष होते, दोघंही लिमासोलचे. मे महिन्यात दोघं जुन्या निकोसियात रेघेच्या अलीकडे-पलीकडे मिळून फिरले, कॉफी प्यायले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या माणसाने सर्वांत अवघड काळात दुसऱ्या बाजूबरोबर काम करून दाखवलं होतं, तोच आता सर्वांत वर होता. आता नाही तर कधी, असं पुष्कळांना वाटलं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये दक्षिणेच्या संसदेने ठरवलं की एनोसिससाठी १९५० मध्ये झालेल्या कौलाचं स्मरण शाळांमध्ये केलं जावं. सदुसष्ट वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्तरेत संतापाची लाट उठली आणि बोलणी सुमारे दोन महिने थांबली. पुन्हा शाळा, पुन्हा स्मरण. जूनअखेर स्वित्झर्लंडमधल्या क्रान्स-मोंताना इथे ग्रीस, तुर्कस्तान आणि ब्रिटन यांच्यासह सगळे जमले. अडलं ते मुख्यतः तुर्की सैन्य किती राहणार आणि बाहेरच्या देशांचा हमीचा, म्हणजे बेटात हस्तक्षेप करण्याचा, हक्क राहणार का यावर. ७ जुलैच्या पहाटे बोलणी फिसकटली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अकिंजी निवडणूक हरले.

त्याआधीचा आकडाही ध्यानात घ्यावा. २४ एप्रिल २००४ ला संयुक्त राष्ट्रांच्या एकीकरण योजनेवर दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान झालं. तुर्कीभाषकांपैकी जवळपास ६५ टक्के ‘हो’ म्हणाले, ग्रीकभाषकांपैकी जवळपास ७६ टक्के ‘नाही’. एका आठवड्याने दुभंगलेलंच सायप्रस युरोपीय संघात गेलं.

एकच माणूस नगरपालिकेत यशस्वी आणि राज्याच्या पातळीवर अपयशी, याचा अर्थ तो महापौर म्हणून हुशार होता आणि नेता म्हणून कच्चा, असा मी लावत नाही. महापौराच्या टेबलावर आलेला प्रश्न मैला कुठे जाणार हा होता. नेत्याच्या टेबलावर आलेला प्रश्न आपण कोण हा होता. पहिल्याला उतार आहे. दुसऱ्याला नाही, तिथे प्रत्येक थेंब वर चढवावा लागतो. मानवजातीचा देह एक आहे की नाही या वादात मी म्हणेन, कमरेखाली नक्की एक आहे. मानेच्या वर अजून ठरायचं आहे. आणि संघर्ष समजून घ्यायला निघालेले बहुतेक लोक मानेच्या वरच पाहत बसतात, हे मात्र मला खटकतं.

२०२० च्या फेब्रुवारीअखेर, करोनाच्या नावाने, दक्षिणेच्या सरकारने ये-जा करण्याच्या काही वाटा बंद केल्या. त्यांत जुन्या पेठेतली, २००८ मध्ये मोठ्या समारंभाने उघडलेली लेद्रा रस्त्याची वाटही होती. पुढे तर सगळ्याच वाटा कमीअधिक बंद झाल्या. २०२१ च्या जूनमध्ये त्या पुन्हा उघडल्या. या पंधरा महिन्यांत नोकरदारांची, विद्यार्थ्यांची, रुग्णांची फार ओढाताण झाली. मैलापाण्याच्या वाटेवर पहारा नव्हता.

हाडं

जुन्या विमानतळाच्या आवारात, संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या जागेत, एक प्रयोगशाळा आहे. १९६३-६४ आणि १९७४ मध्ये दोन्ही समाजांचे मिळून २,००२ लोक बेपत्ता झाले. १,५१० ग्रीकभाषक आणि ४९२ तुर्कीभाषक. त्यांना शोधणारी समिती १९८१ मध्ये ठरली, पण प्रत्यक्ष उकरण्याचं काम २००६ च्या सुमारास मार्गी लागलं. विहिरी, शेतं, नदीकाठ, कुणीतरी म्हातारपणी सांगितलेली जागा. आजवर हजाराहून जास्त जणांची ओळख पटली आहे. विहिरीतून निघालेली हाडं बऱ्याचदा एकमेकांत मिसळलेली असतात. दोन्ही समाजांचे तरुण शास्त्रज्ञ, त्यांत स्त्रियाच जास्त, लांब टेबलांवर ती मांडतात. आधी कवटी, मग मणके, बरगड्या, हात, पाय. ज्याचं हाड सापडलं नाही त्याची जागा मोकळी सोडतात. मग नमुना डीएनए तपासणीला जातो. हाडावरून माणूस ग्रीक बोलत होता की तुर्की ते सांगता येत नाही. ते नातेवाईकांच्या रक्ताशी ताडून कळतं, आणि तेही फक्त कुणाच्या दारात निरोप न्यायचा एवढ्यासाठी.

घरच्यांना बोलावतात तेव्हा टेबलावर असतो तेवढाच देह दाखवतात. कधी पुरा सांगाडा, कधी चार-दोन हाडं. काही घरं थांबायचं ठरवतात, आणखी काही सापडेल म्हणून. काही आहे तेवढंच घेऊन जातात.